शाळेच्या बास्केटबॉल संघातली मुलगी निवडकर्त्यांच्या नजरेत कशी भरते? उंचीपासून कागदपत्रांपर्यंत सविस्तर माहिती

पावसाळा अर्धा सरला की शालेय क्रीडा स्पर्धांची परिपत्रकं शाळांमध्ये येऊन पडतात. कबड्डी आणि खो-खोचे मुलींचे संघ गावोगाव तयारच असतात. बास्केटबॉलचं तसं नाही. एखाद्या हायस्कूलच्या मागे दोन लोखंडी खांब, त्यांवर वाकलेल्या रिंगा, खाली मुरुमाचं मैदान, आणि हौशी क्रीडाशिक्षक. एवढ्यावर मुलींचा संघ उभा राहतो आणि जिल्ह्याला जाऊन दोन सामने खेळून परत येतो. परतताना पालकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: आमची पोरगी इतकी छान खेळली, मग निवड त्या दुसरीची कशी झाली?

कधी कधी यामागे वशिला असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. निवड करणारा माणूस जे बघत असतो, ते प्रेक्षक बघत नाहीत. प्रेक्षक बास्केट मोजतात. निवडकर्ता मात्र ही मुलगी दोन वर्षांनी कशी खेळेल याचा अंदाज बांधत असतो.

गावात कुणी बघायला येत नाही

अमेरिकेत हायस्कूलच्या मुलींचे बास्केटबॉल सामने बघून खेळाडू हेरणं हा पूर्णवेळ धंदा आहे. १९७२ साली तिथे 'टायटल नाइन' नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुला-मुलींत भेदभाव करायला त्याने बंदी केली. त्यानंतर महाविद्यालयांना मुलींच्या खेळांसाठीही शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. शिष्यवृत्ती आली म्हणजे ती कुणाला द्यायची हा प्रश्न आला, आणि त्यातून गावोगावच्या शाळांचे सामने बघत फिरणारी माणसं आली. ती प्रत्येक मुलीची टिपणं काढतात, याद्या करतात आणि त्या महाविद्यालयांना विकतात. महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाने मुलीला कधी बघायचं आणि तिच्याशी कधी बोलायचं, याचेही नियम आहेत.

आपल्याकडे असं कुणी गावात येत नाही. इथे मुलीलाच त्या जागी जावं लागतं, जिथे बघणारे बसलेले असतात. जिल्हा स्पर्धा, विभागीय स्पर्धा, राज्य निवड चाचणी, जिल्हा संघटनेची चाचणी आणि प्रशिक्षण शिबिरं, एवढ्याच त्या जागा. तिथे तिच्या वाट्याला येणारा वेळ फार थोडा असतो. चाचणीला साठ मुली आल्या आणि मैदान एकच असलं, तर एकेकीला खेळायला जेमतेम पाच-सात मिनिटं मिळतात. तेवढ्यात काय दिसलं पाहिजे, हे आधी माहीत असलेलं बरं.

उंची, पण किती आणि कुठवर

रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर असते. ती मुलींसाठी खाली येत नाही. त्यामुळे निवडकर्त्याची पहिली नजर उंचीवर जाते, यात नवल नाही. पण १४ वर्षांखालच्या गटात आजची उंची फसवी असते. मुलींची उंची मुलांपेक्षा लवकर वाढते. साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास ती झपाट्याने वाढते आणि पाळी सुरू झाल्यावर वेग मंदावतो. त्यानंतर बहुतेकींची फार तर पाच-सात सेंटिमीटर वाढ बाकी असते. म्हणून सहावी-सातवीत वर्गात सगळ्यात उंच असलेली मुलगी दहावीत मधल्या रांगेत दिसते, आणि उशिरा वाढणारी तिला मागे टाकते.

अंदाज काढायचा एक सोपा हिशोब डॉक्टर वापरतात. वडिलांची आणि आईची उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, बेरीज करायची, त्यातून १३ वजा करायचे आणि दोनाने भागायचं. समजा वडील १७४ आणि आई १६१. बेरीज ३३५, त्यातून १३ गेले ३२२, निम्मे १६१. या आकड्याच्या मागेपुढे आठ-साडेआठ सेंटिमीटरच्या आत मुलीची उंची राहण्याची शक्यता जास्त. हा नुसता अंदाज आहे. पण कसलेला प्रशिक्षक चाचणीच्या वेळी मुलीबरोबर आलेल्या आई-वडिलांकडे, थोरल्या बहिणीकडे नजर टाकतो, ती याचसाठी.

उंचीइतकंच हातांच्या लांबीला महत्त्व आहे. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर मोजतात. बहुतेकांचं ते उंचीइतकंच भरतं. पाच-सहा सेंटिमीटर जास्त भरलं तर ती मुलगी मैदानावर स्वतःच्या उंचीपेक्षा मोठी खेळते. पास अडवणं, उडालेला बॉल आधी गाठणं तिला सोपं जातं. उभी उडी मोजायला तर नुसता खडू पुरतो. भिंतीला बाजू करून उभं राहायचं, हात वर करून खूण करायची, मग जागेवरून उडी मारून दुसरी खूण करायची आणि दोन्हींमधलं अंतर मोजायचं. शाळेच्या भिंतीवर दर तीन महिन्यांनी तारखेसह ही नोंद ठेवली, तर वर्षअखेरीस वाढ दिसते.

हात-पाय काय सांगतात

उंच मुली बऱ्याच येतात. त्यांतल्या कितींना पाय नीट टाकता येतात, हा पुढचा प्रश्न. बॉल हातात आल्यावर एक पाय रोवून दुसऱ्याने फिरणं, म्हणजे पिव्होट. धावत येऊन दोन पावलांत थांबणं. बचावात गुडघे वाकवून, पाय एकमेकांवर न टाकता आडवं सरकणं. या तीन गोष्टी पहिल्या दोन मिनिटांत कळतात. गंमत अशी की कबड्डी आणि खो-खो खेळलेल्या मुलींचे पाय यात तयार असतात. अचानक दिशा बदलणं, खाली वाकून उभं राहणं, समोरच्याच्या कमरेकडे बघून तिचा पुढचा डाव ओळखणं त्यांना शिकवावं लागत नाही. उशिरा बास्केटबॉलकडे आलेली खो-खोपटू अनेक प्रशिक्षकांना म्हणूनच आवडते.

हातांचं तसंच. पास आला की बॉल तळहातावर आपटून उडतो की बोटांत बसतो? उजव्या हाताची मुलगी डाव्या बाजूने रिंगकडे गेली, तर डाव्या हाताने बॉल टाकते का? आपल्या शाळांमधल्या नव्वद टक्के मुली नाही टाकत, असं म्हटलं तरी चालेल. जी टाकते, तिच्या नावापुढे लगेच खूण होते.

शूटिंगमध्ये बॉल रिंगमधून गेला की नाही यापेक्षा तो हातातून सुटला कसा, हे बघतात. फ्री थ्रोची रेघ बोर्डापासून ४.६० मीटरवर असते. तिथून दोन्ही हातांनी छातीपासून ढकललेला बॉल आज जाईल, पण पुढच्या गटात उंच बचावपटू समोर आली की तो अडणार. एका हाताने, कोपर रिंगकडे ठेवून, गुडघ्यांतून जोर लावून मारलेला बॉल आज चुकला तरी प्रशिक्षकाला ती मुलगी हवी असते. तिच्यात दुरुस्त करण्यासारखं कमी असतं.

उडी मारून खाली येताना गुडघे आत वळतात का, हे जाणते लोक आवर्जून बघतात. वळत्या आणि उड्यांच्या खेळांत मुलींच्या गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे. गुडघे आत पाडून उतरणं हे त्याचं एक कारण मानतात. ही सवय व्यायामाने सुधारते. दोन्ही पायांवर मऊ उतरणं, बैठका, एका पायावर तोल सांभाळणं, एवढं सरावाआधी पंधरा मिनिटं केलं तरी फरक पडतो. थेट बॉल हातात देऊन सामना सुरू करण्याची पद्धत मात्र घातक.

आणखी एक गोष्ट प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. मुलगी चुकली, बॉल गेला, त्यानंतरच्या तीन सेकंदांत ती काय करते? खाली मान घालून उभी राहते, सोबतिणीवर ओरडते, की मागे पळत सुटते? निवडकर्ते या तीन सेकंदांना एखाद्या बास्केटपेक्षा जास्त किंमत देतात. बाकावर बसलेली असताना ती सामना बघते की गप्पा मारते, हेही टिपलं जातं.

गुणांच्या आकड्यात फसू नका

समजा एका संघातल्या थोरलीने १८ गुण केले आणि दुसरीने १०. गावात थोरलीचा सत्कार होतो. पण थोरलीने त्यासाठी २६ वेळा बॉल मारला आणि ९ वेळा गेला, म्हणजे १७ वेळा बॉल वाया. दुसरीने ९ वेळा मारला आणि ५ वेळा गेला. शिवाय तिने सात रिबाउंड घेतले आणि चार वेळा असा पास दिला की पुढचीला फक्त टाकायचंच राहिलं. निवडकर्ता दुसरीकडे बघतो.

म्हणून क्रीडाशिक्षकांनी सामन्याच्या वेळी एखाद्या राखीव मुलीच्या हातात वही द्यावी. पानावर रकाने आखावेत: किती मारले, किती गेले, रिबाउंड, मदतीचे पास, हिसकावलेले बॉल, हातून गेलेले बॉल, फाउल. शेवटचे दोन रकाने भरताना मुलींना वाईट वाटतं, पण तेच सगळ्यात उपयोगी. दहा सामन्यांची अशी वही जिल्ह्याच्या प्रशिक्षकासमोर ठेवली, तर "आमची मुलगी फार छान खेळते" या वाक्यापेक्षा ती जास्त बोलते.

चौथ्या क्वार्टरमध्ये मुलगी ढेपाळते, हे निरीक्षण तर नेहमीचं. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर असतात. शेवटच्या दहा मिनिटांत पाय उचलत नाहीत म्हणून "दम नाही" असा शेरा पडतो. तो शेरा मारण्याआधी हिमोग्लोबिन तपासायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी अनेक मुली मळमळतं म्हणून वर्गाबाहेर फेकतात. जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. मुलीचा दम कमी की रक्त कमी, हे कळल्याशिवाय तिला संघातून वगळणं अन्यायाचं आहे.

समोरच्या संघाची पारख

खेळाडूसारखीच संघाचीही पारख करतात, आणि यात लहान शाळाही मोठ्या शाळेला गाठू शकते. पुढच्या फेरीत ज्यांच्याशी गाठ पडणार, त्यांचा सामना आपल्या सगळ्या मुलींनी ओळीने बसून बघायचा. प्रत्येकीला एक काम द्यायचं. बॉल पुढे कोण आणते आणि कोणत्या हाताने? तिला दोघींनी घेरलं की ती पास देते की घाबरून बॉल टाकते? संघाला आठ सेकंदांत बॉल मधल्या रेघेपलीकडे न्यावा लागतो आणि चोवीस सेकंदांत मारावा लागतो. बॉल आणणारी एकच मुलगी असली आणि ती अडली, तर अख्खा संघ अडतो. शालेय पातळीवर बहुतेक संघ असेच एका मुलीवर चालतात.

मग बाहेरून कोण मारते, रिबाउंडला कोण उडते आणि कोण नुसती बघत राहते, फ्री थ्रो कुणाचे जातात, हे लिहून घ्यायचं. फाउलचा हिशोबही ठेवायचा. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या प्रत्येक फाउलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. समोरच्यांची उंच मुलगी दुसऱ्या क्वार्टरमध्येच तीन फाउलांवर असेल, तर बॉल घेऊन थेट तिच्याच अंगावर जायचं असतं. हे बाहेरून ओरडून सांगण्यापेक्षा आधी ठरलेलं असलेलं बरं.

बचाव दोन तऱ्हांचा. प्रत्येकीने एकेकीला धरायचं, किंवा जागा वाटून घ्यायच्या, म्हणजे झोन. शाळांचे संघ बहुतेक पुढे दोन, मागे तीन अशा झोनमध्ये उभे राहतात, कारण शिकवायला सोपं आणि जिंकायला बरं. पण यात मुलीचं नुकसान होतं. झोनमध्ये उभ्या असलेल्या मुलीला एकटीने समोरचीला अडवता येतं का, हे निवडकर्त्याला कळतच नाही. चाचणीत तो तिला एकास एक खेळायला लावतो, आणि वर्षभर झोनमध्ये उभी राहिलेली मुलगी तिथे उघडी पडते. निदान सरावात तरी निम्मा वेळ एकास एक खेळवायला हवा.

वाट कुठून कुठे जाते

वाटा दोन आहेत आणि पालकांचा गोंधळ इथेच होतो. पहिली वाट शाळेची. राज्याचं क्रीडा व युवक सेवा संचालनालय १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत शालेय स्पर्धा घेतं. जिल्हा, मग विभाग, मग राज्य. क्रीडा खात्याचे विभाग आठ आहेत: मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अमरावती आणि नागपूर. महसुली विभाग सहाच, त्यामुळे आपला जिल्हा नेमक्या कोणत्या क्रीडा विभागात येतो हे आधी बघावं. राज्य स्पर्धेच्या वेळी निवड चाचणी होऊन महाराष्ट्राचा संघ ठरतो आणि तो राष्ट्रीय शालेय स्पर्धेला जातो. संघ हरला म्हणजे मुलगी संपली, असं नसतं. हरलेल्या संघांतल्या निवडक मुलींनाही पुढच्या निवड चाचणीला पाठवायची सोय असते. ती नावं सामने संपता संपता ठरतात. संघ हरल्याबरोबर बस पकडणाऱ्या शाळा इथे मुलीची संधी घालवतात. बक्षीस समारंभ होईपर्यंत थांबा, आणि यादी कोण करतंय त्या पंचांना किंवा प्रशिक्षकांना भेटा.

दुसरी वाट संघटनेची. जिल्हा बास्केटबॉल संघटना, तिच्या वर राज्य संघटना आणि वर भारतीय बास्केटबॉल महासंघ. इथले वयोगट शाळेपेक्षा वेगळे असतात आणि चाचण्या वेगळ्या वेळी होतात. मुलीची शाळा बास्केटबॉल खेळत नसली, तरी या चाचणीला ती एकटी जाऊ शकते.

बास्केटबॉलसाठी बारा मुली जमत नसतील, तर तिघींचा प्रकार आहे. थ्री बाय थ्रीमध्ये तिघी खेळतात, एक राखीव, अर्धं मैदान, एकच रिंग, दहा मिनिटं किंवा २१ गुण. टोकियो ऑलिम्पिकपासून तो ऑलिम्पिकमध्ये आहे. छोट्या शाळेला चार मुली आणि एक रिंग जमवणं अवघड नाही. आणि तिघींत खेळताना एकही मुलगी लपू शकत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला प्रत्येकीचा खेळ दिसतो.

याशिवाय राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी चाचण्या होतात. उंची, वजन, ३० मीटर धाव, शटल रन, जागेवरून लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचिकता आणि ८०० मीटर धाव असा त्यांचा साचा असतो. तिथे कोणता खेळ मिळेल हे वेगळं, पण याच चाचण्या घरी वर्षभर केल्या तर कुठल्याही निवडीला कामी येतात. केंद्र सरकारने २०२४ मध्ये 'कीर्ती' नावाची ९ ते १८ वर्षांच्या मुला-मुलींची प्रतिभाशोध योजना सुरू केली. खेलो इंडियामध्ये निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला दहा हजार रुपये खर्चासाठी मिळतात.

भिलाईचा धडा

गोंदियाहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई येतं. महाराष्ट्राच्या सीमेपासून काही तासांवरच्या या पट्ट्याने भारतीय महिला बास्केटबॉलला एकामागून एक खेळाडू दिल्या. भिलाईचे प्रशिक्षक राजेश पटेल यांचं २०१८ मध्ये निधन झालं. उंच आणि चपळ मुली हेरायच्या, त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय लावायची, शाळेत घालायचं आणि वर्षानुवर्षं रोज घाम गाळायला लावायचं, ही त्यांची पद्धत. छत्तीसगडच्या मुलींनी राष्ट्रीय स्पर्धा पुन्हा पुन्हा जिंकल्या त्या यातून. सहा फूट अकरा इंच उंचीची पूनम चतुर्वेदी मूळची उत्तर प्रदेशातली. तीही भिलाईत येऊन खेळाडू झाली आणि भारताकडून खेळली.

यात ध्यानात घेण्यासारखं म्हणजे हेरणं हा कामाचा लहान भाग होता. मोठा भाग त्यानंतरचा: वसतिगृह, जेवण, रोजचा सराव आणि पुढे नोकरी. आपल्याकडे जिल्ह्याच्या निवडीनंतर मुलगी गावी परतते आणि पुढच्या वर्षीपर्यंत तिला रिंग दिसत नाही. मग राज्य चाचणीत पुण्या-मुंबईच्या, रोज लाकडी मैदानावर खेळणाऱ्या मुलींसमोर तिची तुलना होते. भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलेली शिरीन लिमये पुण्याची. पुण्यात मैदानं आहेत, क्लब आहेत, मोठ्या मुलींसोबत खेळायला मिळतं. हा फरक गुणवत्तेचा कमी आणि मैदानाचा जास्त आहे.

परदेशाची वाटही अलीकडे उघडली आहे. बंगळुरूची संजना रमेश आणि पंजाबची हरसिमरन कौर या अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संघांत शिष्यवृत्तीवर पोचल्या. अशा मुली मोठ्या शिबिरांमधून आणि अकादम्यांमधून पुढे येतात, आणि तिथे खेळाइतकेच बारावीचे गुण आणि इंग्रजी बघितलं जातं. "तुमच्या मुलीला अमेरिकेत पाठवतो" म्हणून आधी पैसे मागणारा कुणी भेटला, तर ते विसरू नये.

"घरचे पाठवतील का?"

हा प्रश्न निवडकर्ते विचारतात. कधी मुलीला, कधी सरांना. मुलाच्या बाबतीत तो क्वचितच निघतो. दोन मुली सारख्या असल्या, तर शिबिराला नक्की येणारी घेतली जाते. दहावीनंतर "आता बास झालं" म्हणून थांबवल्या गेलेल्या मुलींचा अनुभव प्रत्येक प्रशिक्षकाला आहे, त्यामुळे त्यांचं हे वागणं समजण्यासारखं आहे, योग्य नसलं तरी. पालकांपैकी एक जण चाचणीला सोबत गेला, तर हा प्रश्न तिथेच मिटतो.

पालकांची काळजीही खोटी नाही. संघाबरोबर शिक्षिका किंवा महिला व्यवस्थापक आहे का, मुक्काम कुठे आहे, रात्री खोलीवर कोण असणार, हे पाठवण्याआधी विचारावं आणि लेखी घ्यावं. ते विचारलं म्हणून मुलीचं नाव कापणारा प्रशिक्षक असेल, तर त्याच्याकडे मुलगी पाठवूच नये. "एकटी भेट, निवडीचं बोलू" असा निरोप कुणी दिला, तर तो मुलीने घरी सांगितलाच पाहिजे. १८ वर्षांखालच्या मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पैशाचंही तसंच. राज्य संघात बसवतो, प्रमाणपत्र काढून देतो, असं सांगणारे फिरत असतात. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं राज्यात उघडकीस आली आहेत. विकत घेतलेला कागद पडताळणीत अडकतो, आणि तोवर नोकरीही गेलेली असते आणि पैसेही.

खऱ्या कागदाला मात्र किंमत आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरभरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. कोणत्या पदाला कोणत्या पातळीची कामगिरी लागते हे शासन निर्णयात ठरलेलं आहे. नुसत्या सहभागाचं प्रमाणपत्र आणि पहिल्या तिघांत आल्याचं प्रमाणपत्र यांत मोठा फरक पडतो. दहावी-बारावीला खेळाडूंना पातळीनुसार जास्तीत जास्त २५ पर्यंत सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठी शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे वेळेत प्रस्ताव जावा लागतो. तारीख उलटली की गुण गेले. रेल्वेत खेळाडू कोट्यातून भरती होते आणि रेल्वेचा महिला बास्केटबॉल संघ देशातल्या सगळ्यात बलाढ्य संघांपैकी आहे.

घरून निघण्याआधी

जन्मदाखला मूळ हवा, आणि त्यावरचं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच हवं. एका वेलांटीच्या फरकाने मुली परत पाठवल्या गेल्या आहेत. वय कमी दाखवायच्या भानगडीत पडू नये. संशय आला तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात, आणि पकडलं गेलं तर बंदी येते. वय मोजताना बहुधा १ जानेवारी किंवा त्यानंतरचा जन्म असा हिशोब असतो. म्हणजे डिसेंबरात जन्मलेली मुलगी तिच्याच गटातल्या जानेवारीच्या मुलीपेक्षा जवळपास वर्षाने लहान असते. एखादी मागे पडतेय असं वाटलं, तर आधी तिचा जन्ममहिना बघावा.

मुलींच्या सामन्याला सहा नंबरचा बॉल लागतो. मुलांचा सात नंबरचा बॉल मोठा आणि जड असतो. शाळेत तोच एक असतो आणि मुली वर्षभर त्यानेच सराव करतात. मग चाचणीत हलका बॉल हातात आला की रिंगवरून पलीकडे जातो. वर्गणी काढून निदान एक सहा नंबरचा बॉल घ्यावा.

आणि व्हिडिओ. मोबाइल आडवा धरायचा, शक्य तर वर्गाच्या गच्चीवरून किंवा उंच कट्ट्यावरून, अख्खं अर्धं मैदान दिसेल असा. फक्त बास्केट कापून, गाणं लावून केलेली क्लिप प्रशिक्षक बघत नाहीत. त्यांना एक सलग क्वार्टर लागतो, चुकांसकट. सुरुवातीला मुलीचा जर्सी क्रमांक, उंची, हातांची लांबी, जन्मवर्ष आणि शाळेचं नाव सांगावं. हा व्हिडिओ थेट जिल्हा प्रशिक्षकाला किंवा क्रीडा अधिकाऱ्यांना पाठवावा. गावाच्या ग्रुपवर मुलीच्या फोन नंबरासह फिरवू नये.